चामखीळ लावून द्या

...आणि वर मलाच विचारतात, "आबा, फोटो आवडला नाही का?" अरे, आवडायला मी त्यात आहे कुठे! तुम्हाला सांगतो, आमच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर, टीव्हीच्या बरोब्बर समोर, सोनेरी पट्टीची दरवाज्याएवढी फ्रेम लटकलीय आणि तिच्यात माझ्या बायकोशेजारी एक माणूस उभा आहे. ब्लेझरवाला! डोक्यावर दाट केस, तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात, मागे तळं, तळ्यात पांढरी बदकं... अहो, मी बाळकुमला राहतो! आमच्या खिडकीतून समोरच्या टॉवरची ड्रेनेजची पाइपलाइन दिसते, बदकं कुठून येणार? आणि हा ब्लेझरवाला म्हणे मी! आणि त्याच्या हनुवटीवर... ते राहू दे, ते शेवटी सांगतो, नाहीतर आत्ताच डोकं फिरेल. साधा फोटो मागितलेला हो. साधा!

मी नाही, खरं तर हिने मागितलेला. ही म्हणजे कलावती, आमची मंडळी. पन्नास वर्षं होत आली लग्नाला आणि एवढ्या वर्षांत हिने माझ्याकडे काही मागितलं नाही. मागून मिळत नाही हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलेलं, हुशार बाई. पण मध्ये एकदा मेथी निवडता निवडता म्हणते, "अहो, आपला दोघांचा एक फोटो नाही घरात." म्हटलं, "आहे की, लग्नातला!" तर म्हणते, "त्याच्यात मी कुठाय?"

आता हे मात्र खरं. लग्न आमचं गावी, चिपळूणपासून आत. फोटोवाला एक, फोटो एक. नवरीने मान वर करायची नाही अशी तेव्हाची पद्धत, आणि हिच्या आईने जरा जास्तच बजावलेलं असणार. त्या फोटोत मी आहे, माझ्या शेजारी एक शालू आहे, आणि शालूच्या खालून डोकावणारी एक हनुवटी आहे, तिच्यावर चामखीळ. संपलं! एवढीच बायको. बाकीची मी नंतर बघितली.

पुढे बारशी झाली, मुंजी झाल्या, पोराचं, महेंद्रचं, लग्न झालं, पण फोटो काढायची वेळ आली की ही आत पुऱ्या तळतेय नाहीतर मी मांडववाल्याशी भांडतोय. म्हटलं, "मग आता या वयात कशाला फोटो?" तर मेथीवरची नजर न उचलता म्हणते, "आता एकेकाचा काढतील तो हार घालायलाच. त्याच्या आधी दोघांचा एक हवा."

मेथीची जुडी ओढून निवडायला बसलो. मी! वागळे इस्टेटच्या कारखान्यात फोरमनची बोलती बंद केलेला माणूस मी, आणि मेथी निवडतोय!

तर हे आमच्या नातीने ऐकलं. शिवानी, कॉलेजात आहे, सगळं तिला मोबाइलमध्ये दिसतं. "आबा, ॲनिव्हर्सरीचं गिफ्ट माझ्याकडून! टेंभी नाक्याजवळ साईनाथचा स्टुडिओ आहे, तो फोटो काढतो, एन्हान्स करतो, फ्रेम पण तोच देतो."

"एन्हान्स म्हणजे काय गं?"

"म्हणजे फोटो चांगला करतात."

"अगं, माणूस चांगला असेल तर फोटो कशाला चांगला करायला लागतो?"

"आबा, म्हणूनच तर!" म्हणते कार्टी.

निघालो. रिक्षात मी हिला सांगत होतो की आपल्या शेजारच्या काळुरामला गळू झालंय, इथे, आणि नुसतं माझ्या मानेवर बोट ठेवलं, तर हिने भर रिक्षात फाडकन माझ्या हातावर चापट मारली. "स्वतःच्या अंगावर दाखवू नये! कितीदा सांगायचं? लागतं ते!" लग्न झाल्यापासून हेच! कोणाचा पाय मोडला सांगायचं तर आपल्या पायाला हात लावायचा नाही, कोणाची दाढ दुखते सांगायचं तर आपल्या गालाला नाही. म्हटलं, "मग काय रिक्षावाल्याच्या मानेवर दाखवू?" तर रिक्षावाला पुढे सरकून बसला!

स्टुडिओत गेलो तर हा साईनाथ... दाढी कोरलेली, बोलणं निम्मं इंग्लिश. "काका, चिन अप. जरा डाउन. परत अप." अरे, मान आहे की हापसा? "काका, स्माइल!" म्हटलं, का? "फोटोसाठी, काका." म्हटलं, आधी काहीतरी हसण्यासारखं बोल तर खरं! मग म्हणतो, "काका, काकूंच्या खांद्यावर हात ठेवा."

तुम्हाला सांगतो, घाम फुटला. चारचौघांत मी हिच्या खांद्यावर हात ठेवलेला नाही, कधीच नाही! मी बघितलं हिच्याकडे, हिने बघितलं जमिनीकडे... परत तीच लग्नातली मान! मी हात उचलला, तो अर्ध्यावरच अडकला, आणि तेवढ्यात त्याने खटकन फोटो काढला. स्क्रीनवर काय, तर मी हिच्या खांद्यावरचा डास मारायला निघालोय आणि ही घाबरून खाली बघतेय!

म्हटलं, दुसरा काढ. तर म्हणतो, "टेन्शन नको काका, हात खाली येईल, मान वर होईल, कॉम्प्युटरमध्ये सगळं होतं."

झालं की! हात खाली आला, मान वर झाली, माझी बंडी गेली, ब्लेझर आला, टक्कल गेलं, दात आले, बदकं आली. साधा फोटो मागितलेला, साधा!

फ्रेम घरी आली तर शेजारच्या कमळाबाई धावत बघायला. "अगंबाई, कलाताई, हे कोण? तुमचे भाऊ का? बाहेरगावी असतात?" मी तिथेच उभा, हो! समोर! आणि ही? हिने काही खुलासा करावा की नाही? हिने पदराने काच पुसली, परत पुसली, आणि म्हणते, "पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसतायत."

कोण हसतायत? तो! तेव्हापासून सुरू झालं बघा. सकाळी आधी त्याची काच पुसायची, मग मला चहा. त्याला ऊन लागतं म्हणून पडदा ओढायचा, आणि मी गॅलरीत उन्हात बसलोय ते कोणाला दिसत नाही! माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर, माझ्याच बायकोसमोर बसून मी त्या ब्लेझरवाल्यावर जळत होतो. म्हणजे माझ्यावरच! हे कुठल्या डॉक्टरला सांगू?

एका दुपारी ही झोपलेली. म्हटलं, बघू तरी बेट्यात काय आहे एवढं. चष्मा लावून फ्रेमपुढे उभा राहिलो, आणि त्याच्याकडे बघता बघता नजर गेली शेजारच्या बाईवर. गोरीपान. एक सुरकुती नाही. आणि हनुवटी... गुळगुळीत! चामखीळ गायब!

आता त्या चामखिळीला मी काय काय बोललोय, इमारतीतल्या कोणालाही विचारा. "काढून टाक ती, डॉक्टर एका मिनिटात काढेल," हे माझं पालुपद. हिने ऐकलं नाही. आणि तिथे उभा राहून मला एकदम वाटलं, उद्या ही आधी गेली तर मी या सोफ्यावर बसून कोणाकडे बघायचं? या बाईकडे? मी हिला ओळखत नाही! त्या ब्लेझरवाल्याची असेल ती, माझी नाही!

उतरवली फ्रेम. केली रिक्षा. दोघांना मांडीवर घेऊन गेलो टेंभी नाक्याला. म्हटलं, "साईनाथ, चामखीळ लावून दे."

"काका, लोक माझ्याकडे काढायला येतात."

"मी लावायला आलोय. लाव."

"कुठे लावू?"

"इथे." हनुवटीवर बोट ठेवलं.

"साइज?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढी. जरा डावीकडे. इथे रे, इथे!"

"हलू नका काका," म्हणाला आणि त्याने मोबाइलवर माझ्या हनुवटीचा, वर टेकवलेल्या बोटासकट, फोटो काढला. म्हणतो, "माप राहतं."

मग विचारतो, "काका, आलाच आहात तर तुमचं टक्कल पण परत टाकू? दात काढू?"

आता खरं म्हणजे मी त्याच्यासाठीच जायला हवं होतं की नाही? तोंडावर आलेलं, टाक म्हणून. पण डोळ्यासमोर काय आलं, तर ही, पदराने काच पुसणारी. म्हटलं, "राहू दे. हसतोय तेवढा हसू दे त्याला."

रविवारी लग्नाच्या वाढदिवसाचा कार्यक्रम. घर भरलेलं, महेंद्रने केक आणलेला, कमळाबाई पुढच्या खुर्चीत. फ्रेम साईनाथकडून आलेली चमचमत्या कागदात गुंडाळून, वर लाल फीत. कोणी आधी उघडून बघितली? कोणी नाही! शिवानीने टाळ्या वाजवायला लावल्या, हिने फीत सोडली, कागद फाडला...

टाळ्या अर्ध्यावरच थांबल्या.

फोटोतली बाई तशीच. गोरीपान, गुळगुळीत. आणि त्या ब्लेझरवाल्याच्या हनुवटीवर, जरा डावीकडे, हरभऱ्याच्या डाळीएवढी... चामखीळ! त्या गाढवाने जिथे बोट बघितलं तिथे लावली!

मी ओरडणार होतो. तोंड उघडलेलंही. पण हिने एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "तुम्ही स्वतःच्या अंगावर दाखवलं ना?"

मी मान हलवली.

"माझी चामखीळ परत आणायला गेलेलात?"

परत हलवली. आणि मग ही जी हसायला लागली, पदर तोंडाला, डोळ्यांतून पाणी, खुर्ची धरून हसतेय, कमळाबाई हसतेय, महेंद्र केकची सुरी धरून हसतोय. म्हटलं, "हसू नका, उद्याच जाऊन बदलून आणतो!" तर ही फ्रेमच्या आडवी उभी राहिली. "हात लावायचा नाही. आता कुठे आमच्यातले वाटतायत."

आणि कमळाबाई? कमळाबाई चष्मा वर करून म्हणतात, "अय्या, हे सहदेवभाऊ होय! आता ओळखले!"

तर असं आहे. लटकलीय फ्रेम. येणाराजाणारा बघतो, म्हणतो, एवढी वर्षं संसार केला की माणसं एकमेकांसारखी दिसायला लागतात. दिसू द्या! साधा फोटो मागितलेला, साधा... काल सकाळी दाढी करायला बसलो. फेस लावला, वस्तरा हनुवटीवर आला, आणि हात आपोआप हळू झाला, डावीकडे, वळसा घालून जायला... बघतो तर तिथे काहीच नाही. आणि तुम्हाला सांगतो, कोणाला सांगू नका, जरा चुकल्यासारखंच वाटलं हो.