दोन रबरांची बाटली

दादा : हा चढ अजून किती आहे गं?

बारकी : कुठला चढ?

दादा : हाच. मांड्या भरून आल्या. संपता संपत नाहीये मेला.

बारकी : दादा, उतार लागून पाच मिनिटं झाली. सायकल आपणहून पळायला हवी. पळत नाहीये.

दादा : मग वारा असेल समोरून.

बारकी : झाडाचं पान हलत नाहीये. तुझे पाय ओढ घेतायत, मला पेडलमध्ये कळतंय. मघापासून कळतंय, पण म्हटलं दमला असशील, कशाला बोला.

दादा : दमलोबिमलो नाही. वीस मिनिटं झाली, हात मागे कर. खजूर देतोय.

बारकी : आत्ताच दिलास की.

दादा : कधी?

बारकी : पुलावर. बी अजून माझ्या गालात आहे. आणि उतारावर मला हात सोडायला सांगतोयस? तूच तर नियम केलास, उतारावर खाणं नाही म्हणून.

दादा : बरं, राहू दे. सपाटी लागली की सांग.

बारकी : पुढे पेट्रोल पंप दिसतोय. मी थांबतेय.

दादा : नको, नको! एकशेचाळीस किलोमीटर झालेत, साठ राहिलेत. साडेसातला राईडची मुदत संपते. आत्ता तीन वाजून गेले. थांबायची चैन परवडणार नाही आपल्याला.

बारकी : माझी पाठ मोडली, दादा. ढोपरं बोलतायत. आणि मागे कुणीतरी पोतं टाकल्यासारखं वाटतंय. मी थांबतेय.

(पेट्रोल पंपाची मागची बाजू. हवा भरायच्या मशीनजवळच्या सावलीत दोन सिटांची लांबलचक सायकल भिंतीला टेकवलेली.)

बारकी : सावकाश. डावा पाय टेकला? आता उजवा काढ. हा खांब धर.

पंपवाला : ताई, ही सायकल आहे का मालगाडी?

बारकी : सायकलच. पुढे मी, मागे हा. हँडल, ब्रेक सगळं माझ्याकडे.

पंपवाला : आणि मागच्या काकांकडे काय असतं?

दादा : स्वयंपाकघर.

पंपवाला : आं?

बारकी : त्याला दिसत नाही. आठ वर्षं झाली. मी गाडी हाकते, हा मागून खायला-प्यायला देतो. एवढं धूड सांभाळायचं तर माझे हात फार वेळ सुटत नाहीत. त्याचं बोलकं घड्याळ आहे. दर वीस मिनिटांनी ते बोललं की ह्याचा हात पुढे येतो. कधी खजूर, कधी मीठ लावलेला बटाटा, कधी बाटली.

पंपवाला : म्हणजे बसल्या जागी पंगत! मजा आहे की. कुठवर जायचंय काकांना?

बारकी : अहो, मला ताई आणि ह्याला काका? माझा सख्खा भाऊ आहे. सहाच वर्षांनी मोठा.

पंपवाला : चुकलं माझं. उन्हाने पार सुकलेत ना, म्हणून वाटलं. ओठ बघा कसे फुटलेत त्यांचे.

बारकी : दादा, इकडे तोंड कर.

दादा : काय आहे?

बारकी : जीभ दाखव.

दादा : लॅबमधली हुशारी इथे नको.

बारकी : दाखव म्हणते ना. अरे देवा. पांढरी फटक आहे. आणि शर्ट? शर्ट कोरडा ठणठणीत. माझा पिळला तर बादली भरेल.

दादा : मागे वारा जास्त लागतो.

बारकी : माझ्या पाठीआड बसून? किती प्यायलास सकाळपासून?

दादा : तीन बाटल्या. साडेतीन म्हण.

बारकी : बघू बाटल्या.

दादा : हात लावू नकोस हं. मी लावून ठेवल्यात, उगाच इकडची तिकडे करशील.

बारकी : एक रबर गुंडाळलेल्या माझ्या, दोन रबरांची तुझी. असंच ना? ही बघ दोन रबरांची. गच्च भरलेली आहे. आणि झाकणाला मी पहाटे लावलेली चिकटपट्टी तशीच आहे, दादा. लिंबाचं पाणी गळू नये म्हणून लावलेली. तू ही बाटली उघडलीच नाहीस? सत्तर किलोमीटरवर, त्या शाळेत कार्डावर पोचल्याचे शिक्के घेत होतो, तेव्हा मी विचारलं होतं. तू म्हणालास, माझी बाटली भरलेली आहे.

दादा : भरलेलीच होती. खोटं कुठे बोललो?

बारकी : विनोद करू नकोस! माझ्या अंगात तेवढाही जोर राहिलेला नाही. नऊ तास उन्हात पेडल मारतोयस आणि पोटात घोटभर पाणी नाही? वेड लागलंय का तुला?

दादा : घोट-घोट घेतलं मधूनमधून. तुझ्यातलं.

बारकी : का पण?

दादा : गेल्या वर्षी काय झालं आठवतंय ना?

बारकी : चक्कर येऊन पडले मी. झालं ते झालं.

दादा : तुझ्यासाठी झालं. तू बोलत होतीस आणि मधेच गप्प झालीस. मग सायकल आडवी. मी रस्त्यावर रांगत तुला शोधत होतो, बारके. आधी हाताला चाक लागलं, ते फिरत होतं. मग गवत लागलं. मग तुझा बूट, त्यात पाय नव्हता. त्या दिवशी मी ठरवलं, पुढे बसणारीला काही कमी पडता कामा नये. मागच्याचं भागतं. मागचा सुकला तर सायकल पडत नाही.

बारकी : असं कधी बोलला नाहीस.

दादा : बोलून काय करायचं होतं?

बारकी : मला वाटलं, राईड बुडाली म्हणून चिडला होतास माझ्यावर. महिनाभर नीट बोलला नव्हतास.

दादा : घाबरलो होतो गं.

पंपवाला : ताई, पाणी हवं असेल तर माठ आहे आत. थंडगार. आणि भाऊंना तोंड धुवायचं असेल तर मागे बाथरूम आहे. संडासही आहे, आजच धुतलाय.

दादा : नको! मला नकोय.

पंपवाला : बरं बरं. मी आपलं सांगितलं.

बारकी : दादा.

दादा : आता काय?

बारकी : शाळेतही तू असाच ओरडलास. "मला जायचं नाही." तिथल्या मास्तरांनी नुसतं बाथरूमचं विचारलं होतं.

दादा : नव्हतं जायचं. जबरदस्ती आहे का?

बारकी : पहाटे पाचला घरी बाथरूमला जाऊन आलास. आता सव्वातीन. तू पाणी माझ्यासाठी राखलं नाहीस. निदान सगळं माझ्यासाठी नाही. माझ्याकडे चार बाटल्या होत्या, जागोजागी नळ होते. पाणी कमी नव्हतंच. तू प्यायला नाहीस, कारण प्यायलं की जावं लागतं.

दादा : हळू बोल.

बारकी : आणि गेलं की मला न्यावं लागतं.

दादा : हळू बोल म्हणतो ना. तो माणूस ऐकतोय.

पंपवाला : मी नाही ऐकत. तिकडे गिऱ्हाईक आलंय, मी चाललो.

बारकी : मला सांग, मी रोज काय करते? सकाळी आठपासून लोकांच्या लघवीच्या बाटल्या हातात घेते. नाव, वय, तारीख लिहिते. शंभर-शंभर बाटल्या. मला लाज वाटेल?

दादा : परक्यांच्या असतात त्या.

बारकी : आणि तू?

दादा : घरी माझं अडत नाही. खाटेपासून अकरा पावलं, मग उजवीकडे. ऑफिसातही पाठ आहे मला. बाहेर पडलं की सगळी बोंब. कुणीतरी हाताला धरून न्यायचं, दारात उभं राहायचं, "झालं का?" विचारायचं. ते कुणीतरी म्हणजे तू. आईचं शेवटचं दीड वर्ष तू एकटीने काढलंस. भांडं द्यायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या. मी पलीकडच्या खोलीत असायचो. उठताना तू दर वेळी सुस्कारा टाकायचीस. रात्रंदिवस तेवढंच ऐकलंय मी. तेव्हाच मनाशी म्हटलं, हिच्याकडून काहीही मागेन, पण हे मागणार नाही.

बारकी : तो सुस्कारा माझ्या कंबरेचा होता, शहाण्या. आईचा नव्हता.

दादा : मला काय माहीत? मला नुसता ऐकू यायचा.

बारकी : विचारायचंस.

दादा : सायकलवर मी कुणाचं ओझं नसतो, बारके. निम्मा जोर माझा असतो. तू दमलीस की मी ढकलतो, तुला कळतं. खाली उतरलो की पुन्हा चाचपडणारा. म्हणून उतरायचंच नव्हतं मला. दोनशे किलोमीटर, साडेतेरा तास, एकदा तरी न उतरता.

बारकी : ओझं नसतोस? अरे, गेला तासभर मी तुझं सत्तर किलोचं ओझंच ओढतेय! उतारसुद्धा चढासारखा चढले मी. पाणी प्यायला असतास तर मला ढकललं असतंस. एवढासुद्धा विचार केला नाहीस? रडू आलं मला आत्ता. सांगून ठेवते. दिसत नाही म्हणून सांगते.

दादा : ऐकू येतंय.

बारकी : ही चिकटपट्टी काढली. धर. एकदम ढोसू नकोस, उलटी होईल. एक घोट, थांब, मग दुसरा. बरोबर हा बटाटा चाव.

दादा : आणि मग निघू या.

बारकी : नाही.

दादा : बारके, साठ किलोमीटर राहिलेत. आत्ता निघालो तर होतंय.

बारकी : तुला लघवी होत नाही तोवर ही सायकल इथून हलणार नाही. ते झालं की मला कळेल, आत पाणी पोचलं. ओढूनताणून नेणार नाही मी तुला. नाहीतर आयोजकांना फोन करते, टेम्पो घेऊन येतील, विषय संपला.

दादा : टेम्पो नको.

बारकी : मग पी.

दादा : आंबट झालंय.

बारकी : नऊ तास उन्हात ठेवलंस, गोड होईल का? पी.

पंपवाला : भाऊ, माठातलं आणलंय. हा तांब्या. मी काही ऐकलं नाही, पण आणलंय.

बारकी : ठेवा तिथे. उपकार झाले तुमचे.

दादा : घड्याळ दाबू का?

बारकी : नको. तेवढं एक करू नकोस. गप बस. मीही बसते, उभं राहवत नाही.

(तासाभराने.)

दादा : झोपलीस का?

बारकी : नाही. डोळे मिटलेत. किती प्यायलास?

दादा : दोन रबरांची संपली. तांब्याही निम्मा झाला.

बारकी : डोकं?

दादा : ठणकतंय. मघापेक्षा कमी. घाम येतोय बघ मानेवर.

बारकी : बघू. हं. आला. घाम आल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दादा : साडेचार वाजत आले असतील.

बारकी : चार पंचवीस.

दादा : तीन तासांत साठ. जमायचं नाही.

बारकी : नाही जमणार. मघाशीच कळलं होतं मला.

दादा : माझ्यामुळे गेलं. सलग दुसरं वर्ष.

बारकी : गेल्या वर्षी माझ्यामुळे गेलं होतं. फिटलं. हळूहळू जाऊ, आठ वाजोत की नऊ. वेळेत पोचल्याचा शिक्का नाही मिळणार, एवढंच ना?

दादा : तुला चालेल?

बारकी : मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. सहा महिने दर रविवारी पहाटे उठले मी. पण चालेल.

दादा : बारके.

बारकी : काय?

दादा : ते… लागलंय बहुतेक.

बारकी : बहुतेक?

दादा : लागलंय.

पंपवाला : चला भाऊ, मी नेतो. बाईमाणसाला कशाला त्रास? मागेच आहे, दोन मिनिटांत आणून सोडतो.

दादा : तुमचे आभार. पण राहू द्या. ही नेईल.

बारकी : ऊठ मग. माझा दंड धर. भिंत डाव्या हाताला आहे. इथे पायरी आहे एक.

दादा : उंच आहे?

बारकी : नाही रे. आपल्या घरातल्यासारखीच आहे.