बरी आहो, असंच सांगायचं

— नाही, तिले नका बोलावू. लॅपटॉप मीच देतो तुमाले. वायरी, कानाले लावायचं ते, सगळं या पिशवीत भरलं आहे. बसा, भारतभाऊ. तिनं काम काहून सोडलं म्हणता? कंपनीनं विचारून या म्हटलं का? बरं. सांगतो. लपवण्यासारखं काही नाही त्याच्यात.

शाल्मली, माही पोरगी, यवतमाळले सिस्टर होती, वार्डात. मी तहसीलातून रिटायर झालो, मंग तिची आई गेली, रजनी — तर शाल्मली मले एकटं कसं ठेवावं म्हणून इथं दारव्ह्याले आली अन् तुमचं काम धरलं. घरूनच. दवाखान्यातून सुट्टी झालेल्या पेशंटले रोज फोन करायचा, नुसता आवाजाचा — जेवले का, गोळी घेतली का, पायाले सूज आहे का, दम लागते का. सगळं ठीक असलं तर उद्या परत शाल्मलीचाच फोन. काही बिघडलं तर तिनं बाजूले व्हायचं, पेशंटच्या फोनच्या पडद्यावर डॉक्टर येणार, पुढचं तो पाहणार. असाच नियम आहे ना तुमचा? वाईट नाही नियम. डॉक्टरनंच पाहावं. फक्त ती सुरुवातीले म्हणे का बाबा, हाताले काही कामच नाही राह्यलं. नाडी पाहणं नाही, पट्टी बांधणं नाही, कूस बदलून देणं नाही — नुसतं तोंड चालवायचं. मंग झाली सवय.

तिच्याकडे हंसाबाई म्हणून एक म्हातारी होती, दिग्रसच्या वाटेवर तांडा आहे, तिथली. हृदयाचं दुखणं. लेक इंद्रजीत पुण्याकडे कामाले, घरी सून वर्षा. वर्षा कापूस वेचायले गेली का घरात म्हातारी अन् तो फोन. शाल्मली विचारे तवा एकच उत्तर — बरी आहो, छोरी. अन् मंग म्हातारीच उलटी विचारे, भाजी काय केली, बापाले वाढलं का. शाल्मली हासे. फोनवर हासे ती, भारतभाऊ — मी ऐकलं आहे, या खुर्चीवर बसलं का आतलं सगळं ऐकू येते.

दिवाळी झाली, अन् शाल्मलीले वाटलं का म्हातारीचा श्वास तुटून राह्यला. एवढंसं वाक्य, त्याच्यात दोनदा थांबे. तिनं डॉक्टरले जोडून दिलं. म्हातारी ओढणी सावरून फोनसमोर बसली, पाय घागऱ्यात झाकलेले. सूज नाही, दम नाही, काहीच नाही म्हणे. डॉक्टर चांगला बोलला, एक गोळी वाढवली. त्याची तरी काय चूक — पडद्यात दिसलं तेवढं त्यानं पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी शाल्मलीनं चप्पल घातली. कुठी चालली? तर तांड्यावर. पेशंटच्या घरी जायचं नाही, हे तिले माहीत होतं, हो, तुम्ही लिहून घ्या पाह्यजे तर. जीपनं गेली. दारात उभी राह्यली तर म्हातारी ओळखेना, कोन पाह्यजे म्हणे. ही बोलली तवा आवाजावरून ओळखलं. शाल्मली खाली बसली, घागरा थोडा वर केला, अंगठ्यानं पाय दाबला — खड्डा पडला तो भरूनच येईना. गुडघ्यापर्यंत सूज. काहून नाही सांगितलं मावशी, असं हिनं विचारलं. तर म्हातारी म्हणे —

"बरं नाही म्हन्लं का तू जातं अन् डॉक्टर येते. मंग तू फोन कायले करशीन?"

वर्षाले वावरातून बोलावलं, गाडी केली, म्हातारीचं डोकं शाल्मलीच्या मांडीवर. सारी वाट तिनं शाल्मलीचा हात धरला होता. दारव्हा यायच्या आधीच तो हात सैल पडला. शाल्मलीनं नाडी पाह्यली, मानेले बोट लावून पाह्यलं, अन् गाडीवाल्याले म्हणाली का दादा, आता सावकाश चालवा. वर्षाले तिनंच सांगितलं. इंद्रजीतले फोन, तोही तिनंच केला.

घरी आली, हात धुतले, अन् उरलेले फोन करायले बसली. रडली? नाही. तोच आवाज, तेच प्रश्न. चार-आठ दिवस तसंच चाललं. फक्त कोणी "बरा आहो" म्हटलं का ती थांबायले लागली. पुढचं विचारेच ना. तिकडचा माणूस हॅलो हॅलो करे, अन् ही नुसती बसलेली. मंग एक दिवस लॅपटॉपचं झाकण लावलं, ते आजपर्यंत उघडलं नाही.

आमच्यात बोलणं कमीच आहे, भाऊ. रजनी होती तवा तीच बोले दोघांशी. आता जेवतानी मी माह्या ताटात पाहतो, ती तिच्या. पण तिचे फोन चालू होते तवा सकाळी आतून तिचा आवाज येई — झोप लागली का रात्री? — तर मी इथं बसून हळूच म्हणायचो, लागली. जेवले का? जेवलो. गोळी घेतली का? घेतली. हासू नका. पेशंटच्या आधी मी उत्तर द्यायचो. दम लागते का, म्हणे. नाही, म्हणायचो.

लागते. बसल्या जागीही लागते आजकाल. छातीवर कोणी हात ठेवल्यासारखं होते, मंग जाते. कायले सांगू तिले? आधीच ती — काय? मागं काय पाहून राह्यले तुम्ही?

कधी आली तू बाहेर? काही नाही, हे कंपनीचे भाऊ — अगं, मनगट कायले धरतं — भारतभाऊ, पिशवी उचला अन् निघा तुम्ही. बोलू नका आता. ती मोजून राह्यली.