हिला मागं माणूस लागतं

ऐका रे. जरा जवळ सरका. धूर तिकडं जातोय, इकडं या. प्रज्योत, ती तू नुकतीच घेतलेली येझदी शेकोटीपासून लांब लाव बाबा, टाकी तापायला नको. हां. आता बस. घाट चढताना हँडल मारत होतं म्हणतोस? टायरात हवा कमी असेल म्हणतोस? बरं. असेल. आजची गोष्ट तुझ्यासाठीच आहे, बाकीच्यांनी फुकटात ऐकून घ्या.

दिवाळी नुकतीच सरली होती. धरण काठोकाठ भरलेलं. आणि आपला निवास गुरव अंधार पडल्यावर वाघजाईवाडीतून निघाला. एकटा. गाडीवर मागं कुणी नाही. एवढं लक्षात ठेवा, मागं कुणी नाही.

निवास कोण, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही. माझा जोडीदार. मी राजदूतवरनं दूध घालायचो आणि तो गावच्या देवळाचा गुरव. सकाळी देवाला पाणी घालायचा आणि उरलेला दिवस इंजिनाला तेल. त्या काळी ह्याच हाटेलाच्या अंगणात दर रविवारी आमचा बाजार भरायचा. बाजार म्हणजे काय, जुन्या गाड्या आणि त्यांच्याहून जुनी माणसं. राजदूत, जावा, येझदी, एखाद्याची बुलेट. नवी गाडी घ्यायची ऐपत कुणाला नव्हती, आणि खरं सांगू, हौसही नव्हती. एकाची जुनी दुसऱ्यानं घ्यायची, दुसऱ्याची तिसऱ्यानं. माझी पहिली राजदूत अशीच घरं फिरत फिरत परत तिच्या पहिल्या मालकाकडं गेली, तेव्हा तो टाकीला मिठी मारून रडला होता. हसू नका, मी शेजारी उभा होतो. मलाही रडू आलं होतं.

काय दिवस होते ते! एकाची क्लचची वायर तुटली की दुसरा आपल्या गाडीची काढून द्यायचा आणि स्वतः ढकलत घरी जायचा. सगळ्यांची नखं काळी. बायका म्हणायच्या, जेवायला बसताना तरी हात धुवा. आम्ही धुवायचो, पण ते काळं कधी गेलंच नाही. अजून आहे बघा, हे अंगठ्याचं.

आणि आमची एक रीत होती. गाडी विकली की जुन्या मालकानं ती वाटेला लावायची. म्हणजे नव्या मालकानं गाडी चालवायची आणि जुन्यानं मागं बसायचं, आपल्या गावच्या वेशीपर्यंत. वेशीच्या दगडापाशी थांबायचं. तिथं घेणाऱ्यानं विचारायचं, हिची खोड काय? मग विकणाऱ्यानं सगळं खरं सांगायचं. तिसरा गिअर कधी निसटतो, थंडीत किती किका लागतात, पावसात कुठं पाणी शिरतं. लपवायचं नाही. सांगून झालं की उतरायचं, टाकीवर हात थोपटायचा, पाठ फिरवायची आणि चालत घरी जायचं. मागं बघायचं नाही. बघितलं तर गाडी नव्या घरात रुळत नाही, असं आम्ही मानायचो. कागदपत्रं नंतर, पण हे आधी.

आता ती येझदी. ती होती केरबा आण्णांची. केरबा सुतार. त्यांचं मूळ गाव जुनी वाघजाईवाडी, धरणात गेली ती. गाव उठलं आणि वर माळावर नवी वसली. गाव उठताना लोकांनी भांडी नेली, दारं-खिडक्या नेल्या. आण्णांनी वेशीचा दगड नेला. कसा? येझदीवर मागं त्यांची बायको हौसाक्का बसली आणि तिच्या मांडीवर तो दगड. ती दोघं कुठंही जोडीनंच जायची. बाजाराला, लग्नाला, करवतीला धार लावायला. आम्ही चेष्टा करायचो, आण्णा, वैनीला गाडीला बोल्टानं आवळलंय काय. आण्णा हसायचे. त्यांच्या अंगाला सागाच्या भुश्याचा वास यायचा, आणि करवतीत एक बोट अर्धं गेलेलं.

एके दिवशी आण्णा गेले. रंधा मारता मारता बसले ते बसलेच. गाडी पडवीत उभी. भंगारवाला दारात आला, हौसाक्कानं त्याला हाकललं. आम्हाला निरोप धाडला की उभी राहून गंजेल, चालवणारा बघा. निवासनं घ्यायची ठरवली.

तर निवास गाडी आणायला वाडीत गेला. गाडी पुसून ठेवलेली. चहा झाला, आण्णांच्या आठवणी निघाल्या, त्यातच दिवस बुडाला. निवासनं गाडी रस्त्यावर घेतली. आणि बघतो तर हौसाक्का चप्पल घालून, डोक्याला रुमाल बांधून, पदर खोचून दारात उभी. तयार. निवासच्या लक्षातच येईना. म्हणाला, वैनी, तुम्ही कशाला? बाईमाणसाचं ह्यात काय काम? आण्णा असते तर गोष्ट येगळी.

ती ओट्यावर जाऊन बसली. आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नसतं, ते निवासच्याही आलं नाही. इतकी वर्षं मागं बसलेली बाई, ती त्या गाडीची मालकीण नव्हे काय? पण आम्हाला विकणारा म्हणजे बाप्यामाणूस, एवढंच माहीत. वेशीचा दगड आला तिथं निवास थांबलासुद्धा नाही. विचारणार कुणाला?

दगड मागं पडला आणि हँडल मारायला लागलं. डावीकडं, उजवीकडं. निवास म्हणाला, टायरात हवा कमी.

ऐकतोयस ना प्रज्योत? ऐक.

पुढं जुनी तिकटी आली. उजवीकडचा रस्ता आपल्या गावाला. डावीकडचा जुना रस्ता, खाली जुन्या वाडीत जायचा. आता तो उतरत उतरत सरळ धरणाच्या पाण्यात जातो. बरोबर तिकटीवर गाडी बंद. निवासनं पेट्रोल बघितलं, आहे. प्लग काढला, धोतरानं पुसला, परत बसवला. किक मारली. येझदीची गंमत माहीत आहे ना? किक आणि गिअर एकच दांडा. वर उचलला की किक, खाली पाडला की गिअर. मारून मारून पाय दुखला. काही नाही. म्हणून त्यानं गाडी वळवून डाव्या रस्त्याला तोंड केलं, उतार आहे, ढकलून चालू होईल. तोंड वळलं आणि गाडी आपली आपण चालू झाली. किक नाही, धक्का नाही. गडी म्हणाला, ठिणगीचे पॉइंट चिकटले असतील, सुटले.

गाडीवाल्याच्या मागं भूत बसलं तरी तो आधी प्लग काढून बघतो. मीही असाच, तुम्हीही असेच.

तो बसला. परत उजवीकडं वळवायला गेला तर हँडल वळेना. गाडी डाव्या रस्त्याला लागली. दिवा मंद झाला, पिवळा झाला, गेला. आणि मग मागचे शॉकअप दबले. हळूच. माणूस बसल्यावर दबतात तसे. त्यासरशी हँडल मारायचं थांबलं. गाडी अशी सरळ चालायला लागली की सूत धरावं.

आता मात्र निवासला प्लग आठवेना.

वास आला. सागाचा भुसा. मग खांद्यावर हात आला. गार. निवासनं मान न वळवता डोळे तेवढे तिरके केले. चांदण्यात बोटं दिसली. एक बोट अर्धं.

'आण्णा?'

'चालव. येस आली की उतरतो.'

अहो, कुठली वेस! ती जुनी वेस पाण्याच्या तळाशी. दगड वर, पण जागा खाली. आणि ज्याला रीत पुरी करायची आहे तो उतरणार वेशीलाच. निवासनं क्लच दाबला, गाडी थांबेना. ब्रेक दाबला. चाक अडकलं, खडी उडाली, गाडी घसरत पुढंच. उडी टाकावी तर खांद्यावरचा हात उठू देईना. खाली काळं पाणी चकाकतंय. रस्ता त्यात असा शिरतो जसा काही पलीकडून बाहेर येणार आहे. पुढचं चाक पाण्यात गेलं. मग पाय भिजले. मग सायलेन्सर बुडबुडायला लागला.

निवासला पोहता येत नव्हतं. घरी पोर रांगत होतं. तो मला सांगायचा, त्या क्षणाला मला देव आठवला नाही रे, रोज पूजा करून. रीत आठवली. विचारल्याशिवाय सांगायचं नाही आणि सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. आणि मी तर विचारलंच नाही. कुणालाच विचारलं नाही.

तो म्हणाला, 'आण्णा, हिची खोड काय?'

गाडी थांबली. पाणी गुडघ्याला.

'हिला मागं माणूस लागतं,' आण्णा म्हणाले. 'एकट्याला ही सरळ चालत न्हाई. लई वर्साची सवय हाय.'

'आण्णा, ही येस आता न्हाई राह्यली. दगड तुम्हीच वर नेलासा की. वैनीच्या मांडीवर ठिऊन.'

खांद्यावरचा हात जरासा हलला.

'मग ती का न्हाई आली वाटेला लावायला?'

निवास मला हे सांगायचा तेव्हा त्याचा आवाज बदलायचा. तो म्हणाला, खोटं बोलता आलं असतं. वैनीला बरं नव्हतं म्हणता आलं असतं. पण खोड सांगताना लपवायचं नसतं, मग विचारणाऱ्यानं तरी का लपवावं.

'ती तयार होती आण्णा. मीच नगं म्हटलं. आत्ता म्हागारी जातो. तिला बसवून येशीपतोर नेतो. ती उतरंल तिथं तुम्हीबी उतरा.'

हँडल सैल पडलं. निवासनं खाली उतरून गाडी मागं ओढली. पाण्यातून, चढावर, एकट्यानं. ओढतानाही शॉकअप दबलेलेच होते बघा. किक मारली. सायलेन्सरमधनं पाणी उडालं आणि पहिल्या किकला चालू. दिवा लख्ख. तिकटीवरनं नव्या वाडीपर्यंत गाडी अशी आली की हँडल सोडलं असतं तरी चाललं असतं.

दारात थांबला. मागचे शॉकअप टक् करून वर आले. ओट्यावर हौसाक्का बसलेली. रुमाल तसाच, पदर तसाच.

'मी चप्पल काढलीच न्हाई,' ती म्हणाली.

निवासनं माफी मागितली की नाही, ते त्यानं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. ती मागं बसली, जशी रोज बसायची तशी, एका बाजूला पाय सोडून. वेशीचा दगड आला. निवासनं गाडी थांबवली आणि विचारलं, 'वैनी, हिची खोड काय?'

आणि लक्षात घ्या, पाण्यातलं काही त्यानं तिला सांगितलं नव्हतं. एक अक्षर नाही.

ती म्हणाली, 'हिला मागं माणूस लागतं.'

उतरली. टाकी थोपटली. पाठ फिरवली आणि चालायला लागली. मागं बघितलं नाही. निवास मात्र बघत राहिला. तो सांगायचा, रस्ता सगळा मोकळा, पण ती कडेकडेनं चालली होती, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

झालं. त्यानंतर निवासनं ती गाडी एकट्यानं कधी चालवली नाही. शाळेचं पोर, बाजारची म्हातारी, परका वाटसरू, जो भेटेल त्याला मागं बसवायचा. कुणी नसलं तर तांदळाचं पोतं. लोक म्हणायचे, गुरव काय देवमाणूस आहे! खरं ठाऊक असलेले आम्ही चार जण तेवढे हसायचो. किती रविवार मी त्या गाडीवर मागं बसलोय त्याला हिशेब नाही. घाटात निवास गाणं म्हणायचा. बेसूर. आता ऐकावंसं वाटतं, तर माणूस नाही. गेल्या श्रावणात गेला.

आणि तिकटीवरचा डावा रस्ता, तो कुणी घ्यायचा नाही. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तो छान दिसतो, फोटो काढावासा वाटतो. नाही जायचं. गाडी स्वतःहून तिकडं तोंड करायला लागली तर प्लग बघू नका, आधी आठवा की ही घेताना कुणाला विचारायचं राहिलं.

प्रज्योत, तुझ्या येझदीच्या टाकीवर उजव्या अंगाला एक पोचा आहे. आहे ना? तो पडला त्या दिवशी मीच मागं होतो. निवासच्या पोरानं मोबाईलवर फोटो धाडला, तू पसंत केलीस, टेम्पोत घालून पाठवून दिली. त्याची चूक नाही रे, तो लहानपणीच शिकायला पुण्याला गेला, त्याला कुणी सांगितलंच नाही. पण तिला वाटेला लावलं नाही कुणी. आणि तू घाट एकट्यानं चढलास, आणि म्हणालास टायरात हवा कमी.

म्हणून सांगतो. उजाडलं की निघू. माझे गुडघे गेलेत, दोघांनी धरून मला मागं बसवा. निवास नाही, त्याचा पोरगा नाही, मग त्या गाडीवर मागं बसून जन्म काढलेला मीच उरलोय. आपल्या गावच्या वेशीच्या दगडापाशी थांबव. विचार मला, जे विचारायचं ते. उत्तर तुला ठाऊक आहे, तरी विचार. मग मी उतरेन, टाकी थोपटेन आणि लंगडत का होईना, चालत परत येईन.

मागं बघणार नाही मी. बघायला लागलो तर पोरांनो, माझी मान धरा.