साडेसात तासांचं अंतर

तिकिटांच्या ऑफिसात मी मांडीवरच्या बाळाला थोपटत होते. शेजारी एक आजी-आजोबा तिकिटांची चौकशी करायला नंबर यायची वाट बघत होते.

“अहो, लेकीच्या गावाला विमान किती तासांत जातं?”

“सहा हजार किलोमीटर आहे. साडेसात तास धर.”

“आणि येताना?”

“साडेआठ. तेव्हा वारा समोरून असतो.”

“वाऱ्याचं बरं कळतं तुम्हाला. तिच्या कळा सुरू झाल्याचा फोन आला की निघायचं म्हणता, पण वेळेत पोचू का?”

“पहिलीच खेप आहे, आरामात पोचू. तिच्या वेळी तुला नव्हते का दहा तास लागले?”

“सतरा.”

“मला तर दहाच आठवतात.”

“ते तुम्ही पोचल्यापासूनचे.”

आजोबा नंबराची वाट न बघता उठले.

“उद्याची दोन तिकिटं मिळतील का हो?”