कपाटाखालचा चेंडू

लेक : टेप हलवू नका हो, बाबा.

बाबा : चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. आणि माझा हात हलतो म्हणतेस?

लेक : सोळा इंच. मागच्या पुराचं पाणी ह्याच रेघेपर्यंत होतं ना?

बाबा : कपाटावर डाग दिसतोय तेवढंच. आपण शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो, उतरून आलो तेव्हा हा डाग होता. माझी खाट वीस इंच. मी पाय वर घेऊन बसतो, तू खुशाल टेकडीवरच्या शाळेत जा.

लेक : तेवढंच पाणी पुन्हा येणार म्हणतायत. चारपर्यंत घर सोडायचंय.

बाबा : वादळ तिकडे समुद्रावर, आपण इथे. बाहेर बघ, कसं लख्ख ऊन पडलंय!

लेक : वारा वाटेतच दमला, पण पाऊस डोंगरात कोसळला ना. ते पाणी नदीनं इथे यायला दोन दिवस लागतात.

बाबा : म्हणजे परवाचा पाऊस आज येणार? उन्हात?... मागच्या वेळीही ऊनच होतं खरं.

लेक : बाबा, माझा लाल चेंडू आठवतो? सारखा ह्या कपाटाखाली जायचा.

बाबा : तू आडवी पडून खांद्यापर्यंत हात घालायचीस. फ्रॉक मळला की आई ओरडायची.

लेक : आता बोट घालून बघा.

(बाबा वाकून बघतात.)

बाबा : नाही गं जात.

लेक : मग तेव्हा कपाट कशावर होतं?

बाबा : विटांवर. प्रत्येक कोपऱ्याखाली तीन-तीन. पुराच्या आदल्या दिवशी रेडिओ ऐकून तुझ्या आईनं ठेवल्या. मी म्हटलं, समुद्र काय चालत येणारे का? खूप हसलो तिला. नंतरही तिनं त्या काढू दिल्या नाहीत. ती गेल्यावर रंगारी आला, तेव्हा मी काढल्या.

लेक : तीन विटांचे नऊ इंच. सोळा आणि नऊ...

बाबा : पंचवीस. माझी खाट वीस.

लेक : हो.

बाबा : इतकी वर्षं डाग न मोजताच सगळ्यांना सांगत आलो, आमच्या घरात पाणी गुडघ्याच्या वर आलं नाही म्हणून. ती शेजारी बसून ऐकायची. एकदाही मला खोटं पाडलं नाही गं तिनं.

लेक : निघायचं ना मग?

बाबा : निघू. आधी मोगऱ्याभोवतीच्या विटा काढून आण. कपाट रिकामंच आहे, एकेक कोपरा उचलू.

लेक : आता कशाला, बाबा? तीन वाजले.

बाबा : तिनं बरोबर ठेवलं होतं. तसंच ठेवून जाऊ.