ज्यानं मला घडवलं

आमचं घराणं मूर्तीवाल्यांचं. पणजोबा फौजेबरोबर दक्षिणेतून इंदूरला आले, मल्हारगंजात राहिले, तेव्हापासून घरात गणपती घडतात. मी बापाजवळच शिकलो, माती मळायची, सोंड वळवायची, रंग द्यायचे. दुसरं काही येतच नव्हतं मला, भिया.

मध्यप्रदेश नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. कुसुम माझी एकुलती एक पोरगी, तिला मोतीझिरा झाला, तुमचा तो टायफॉइड. चतुर्थी जवळ आलेली, खोलीभर मूर्ती वाळत ठेवलेल्या अन् मधोमध पोरीची खाट. शांता, माझी बायको, एकेका मूर्तीपुढे पदर पसरायची. मी पण सगळ्यात मोठ्या मूर्तीपुढे बसलो, म्हटलं देवा, ऐक. अन् काय सांगू तुम्हाला, ऐक म्हटलं अन् नजर त्याच्या कानांवर गेली. ते मीच केलेले, सकाळीच, ओलेच होते अजून. कान मी दिले, ऐकणं कुठून देणार होतो?

कुसुम गेली.

कुसुमचं औषध ज्या दवाखान्यातून आणायचो तिथले एक कंपाऊंडर घरी यायला लागले, मराठीच, पण ख्रिस्ती. नुसते बसायचे. एकदा मी चिडून म्हटलं, तुमचा देव तरी कुठे होता हो? ते म्हणाले, भाऊ, त्याचाही मुलगा मेला होता, त्याला माहीत आहे. बस, इतकंच. पोरगी गेल्यापासून डोळ्यात पाणी नव्हतं माझ्या, त्या दिवशी आलं, अन् थांबेचना. वाटलं, मी घडवलेल्याकडे काय मागत बसलो, ज्यानं मला घडवलं तो एकच, मेलेल्याला उठवायची ताकद त्याच्यातच. मी मेलेलाच तर होतो.

बाप्तिस्मा घेतला, मूर्ती करणं सोडलं. शांता म्हणाली, पोरगी गेली, आता माझे देव पण नेता का? मी म्हटलं, तुझे तू ठेव, मी हात नाही लावत. पण देवासहून तिचे भाऊ आले, बाटलेल्याच्या घरात बहीण नाही ठेवणार म्हणाले, अन् घेऊन गेले. दारातून वळून बोलली, वरण झाकून ठेवलंय.

पुढे ती वारली तेव्हा मला खांदा देऊ दिला नाही. लांब उभा राहिलो, चिता विझेपर्यंत.

मग कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या भट्टीवर उमर गेली, आता हात चालत नाहीत. रोज प्रार्थनेत शांताचं नाव घेतो. पाद्रीसाहेब समजावतात, गेलेल्यांसाठी मागायची जरूरत नसते. मी हो जी म्हणतो, अन् मागतो. तो ऐकतो. तुमचंही ऐको, बाबा.