अर्धा किलो उत्तम माती

...नाही, पण मी म्हणतो, मातीची कसली हो लाज? माती काय दाखवायला काढलेली मुलगी आहे? पण आमच्या आईनं लाज राखली म्हणे.

तुम्हाला सांगतो, मी जव्हारला कचेरीत कारकून, शेत साखरशेतला, जाणार आठवड्यातून एकदा, मग शेणखत कोण वाहणार, पालापाचोळा पसरून रोपांसाठी राब कोण भाजणार... म्हणून ब्याण्णव सालापासून नऊ वर्षं नुसता युरिया फेकतोय. पहिली चार वर्षं भात हिरवंगार. मग माती अशी टणक की कुदळच उलटी येते, आणि बांधावर आजोबांनी राखलेली ऐनाची तीन झाडं, त्यातली दोन शेंड्यापासून वाळत वाळत गेली. यंदा तिसऱ्याचा शेंडा वाळला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. कृषीवाले साहेब म्हणाले, "अर्धा किलो माती आणा, तपासू." मी आईला सांगितलं, ऐनाखालची काढून ठेव. ठेवली. चाळून, खडे वेचून, धुतलेल्या पिशवीत. मीही न बघता दिली.

दोन महिन्यांनी कागद आला. "जमीन उत्तम. आहे तीच पद्धत चालू ठेवावी." उत्तम? मग झाड का मरतंय? धावत घरी गेलो, तर आई शांतपणे नागली पाखडतेय. "आपली ती पांढरीफटक माती सरकारला दाखवाची? मी सुकरीच्या ऐनाखालची दिली. लाज राखली."

सुकरी म्हणजे आमची शेजारीण, जिनं जन्मात खताचं पोतं उघडलं नाही. लाज राखली म्हणे!

परत साहेबांकडे. म्हटलं, दुसरा नमुना घ्या. "अहो मधुराव, उत्तम मातीचा दुसरा नमुना कशाला? विनय पुरे. रविवारी मेळावा आहे, माती कशी राखलीत ते तुम्हीच सांगा लोकांना." आता खरं बोलावं तर गावात आई खोटी पडते, न बोलावं तर झाड जातं, आणि वर चाळीस जण माझं ऐकून युरिया फेकणार... काय करू, सांगा ना.

शेवटी सुकरीकडेच गेलो. "तू काय करतेस गं मातीला?"

"काय नाय करत दादा. पाला पडतो, पडू देते. पन तुझी माती पास झाली म्हनं? मी येनार हाय रविवारी."

पुढच्याच रांगेत बसणार आहे. माझ्याकडून शिकायला.